प्रणयकथेंतील होकार

प्रणयकथा म्हटली कीं पुष्कळ विचारी माणसांच्या मुखावर किंचित् स्मित उमटतें. रिकाम्या दुपारीं वाचावयाची, आगगाडींत चाळावयाची आणि संपली कीं उशीखालीं सारावयाची वस्तु, अशी तिची ख्याति आहे. इतिहासकार राजांच्या सनदा, व्यापाऱ्यांच्या वह्या आणि न्यायालयांतील निवाडे आदरानें तपासतात. परंतु ज्या कथा लोकांनीं पिढ्यान् पिढ्या रात्र जागून ऐकल्या व वाचल्या, त्यांना साक्षीस बोलावण्याचें त्यांच्या क्वचितच मनांत येतें. आज आपण ही साक्ष काढूं, आणि देशोदेशींच्या कथांना एकच प्रश्न विचारूं. तो प्रश्न असा : या कथेंतील नायिकेला कोणी विचारलें होतें काय ?

राजपुत्र तिच्यावर मोहित झाला, बापानें तिला देऊन टाकली, चांचे लोकांनीं तिला पळविली, दैवानें तिला परत आणली. हें सर्व कथेंत असतेंच. पण या धामधुमींत तिचा स्वतःचा होकार कोठें बसतो ? तो मागितला जातो काय ? आणि तिनें नकार दिला तर तो नकार म्हणून ऐकला जातो काय ? निरनिराळ्या युगांतील कथा या प्रश्नाला निरनिराळीं उत्तरें देतात. तथापि त्या सर्व एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ठळकपणें दिसते. कायद्यानें आणि रूढीनें स्त्रीला जो अधिकार फार उशिरां दिला, तो कथेनें कित्येक शतकें आधींच तिच्या हातीं देऊन पाहिला होता.

आरंभीं भाषेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. प्रणयकथा पुष्कळ ठिकाणीं पंडितांच्या भाषेंत नव्हे, तर घरांतल्या भाषेंत वाढली. सुमारें आठव्या-नवव्या शतकांत कोऊहल नांवाच्या कवीनें ‘लीलावई’ हें काव्य रचिलें. तें महाराष्ट्री प्राकृतांत आहे. त्याचा नायक प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, सातवाहन राजा हाल. आणि नायिका सिंहलद्वीपाची राजकन्या लीलावती. डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनीं मोठ्या परिश्रमानें संपादिलेली या काव्याची आवृत्ति १९४९ मध्यें मुंबईस प्रसिद्ध झाली. काव्याचा प्रारंभ असा आहे कीं, कवीची पत्नीच त्याला गोष्ट सांगावयास विनविते, आणि ती तरुण स्त्रियांच्या मनाला रुचेल अशी प्राकृतांत असावी अशी तिची इच्छा असते. म्हणजे ही कथा एका स्त्रीनें मागितली आणि ती तिच्या भाषेंत सांगितली गेली.

युरोपांतहि हेंच घडलें. ‘रोमान्स’ हा शब्द मुळीं प्रेमाचा वाचकच नव्हे. लॅटिन ही धर्मपीठाची व विद्वानांची भाषा. तिच्याहून निराळी अशी जी फ्रान्समधील लोकभाषा, तिला ‘रोमांझ’ म्हणत. त्या भाषेंत लिहिलेल्या कथेलाहि तेंच नांव मिळालें, आणि त्या कथांत वीर व त्यांच्या प्रिया यांचेंच वर्णन विशेष असल्यामुळें पुढें त्या शब्दाला प्रेमाचा अर्थ चिकटला. जपानांत पुरुषांची विद्या चिनी भाषेंत आणि चिनी लिपींत चाले; स्त्रिया मात्र सोप्या ‘काना’ लिपींत आपली मातृभाषा लिहीत. त्या लिपीला ‘स्त्रियांचें वळण’ असेंच म्हणत. जपानी वाङ्मयांतील सर्वांत थोर कथा याच लिपींत एका स्त्रीच्या हातून उतरली. तिच्याकडे आपण पुढें वळूंच.

प्रथम ग्रीकांकडे जाऊं. प्राचीन ग्रीक भाषेंतील ज्या गद्य प्रेमकथा पूर्ण स्वरूपांत उरल्या आहेत, त्यांची संख्या अवघी पांच आहे. त्यांपैकीं बहुधा सर्वांत जुनी कथा खारितोन नांवाच्या लेखकाची. ती इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास लिहिली गेली असावी. नायिकेचें नांव कालिऱ्होए. सिराक्यूज नगरांतील ही लावण्यवती आपल्या आवडत्या तरुणाशीं, खैरेआसशीं, विवाह करते. पण लौकरच मत्सरानें आंधळा होऊन तो तिला लाथ मारतो. ती निष्प्राण झाली असें समजून लोक तिला थडग्यांत ठेवतात. थडगें फोडावयास आलेले लुटारू तिला जिवंत पाहून समुद्रापार नेतात आणि मिलेतस येथें विकतात. तिचा नवा धनी दिओनिसिओस हा सुसंस्कृत मनुष्य आहे. तो तिच्यावर प्रेम करूं लागतो आणि विवाहाची विनंति करतो. त्याच सुमारास तिला कळतें कीं, आपण पहिल्या पतीपासून गर्भवती आहों.

येथें खारितोननें एक विलक्षण प्रसंग योजिला आहे. एकटी बसलेली कालिऱ्होए पतीची लहानशी प्रतिमा पोटाशीं धरते आणि म्हणते कीं, आपण तिघें आहों : पति, पत्नी आणि मूल, तर आपल्या हिताचें काय, याचा तिघांच्या मतांनीं निर्णय करूं. तिचें स्वतःचें मत मरणाच्या बाजूनें पडतें. मुलाचें मत जगण्याच्या बाजूनें पडलें असें ती मानते. आणि पतीचें मतहि मुलाकडेच आहे असें तिला वाटतें. बहुमतानें ती दुसरा विवाह पत्करते. ज्या ग्रीक नगरांच्या सभेंत स्त्रीला मताचा अधिकार नव्हता, तेथील एका लेखकानें आपल्या नायिकेच्या अंतःकरणांतच सभा भरविली आहे. कथा शेवटीं गोड होते. खैरेआस व कालिऱ्होए पुन्हां एकत्र होतात. पण स्वदेशीं परततांना ती दिओनिसिओसला स्वहस्तें पत्र लिहिते, मुलाला त्याच्या स्वाधीन करते, आणि हें पत्र पतीला कळूं देत नाहीं. वादळें व चांचे यांनीं भरलेल्या त्या कथेंत आपल्या मनाचा एक कोपरा तिनें असा स्वतःकडे राखून ठेवला आहे.

आतां आपल्या देशाकडे येऊं. मराठींत नॉव्हेल या वाङ्मयप्रकाराला आपण ‘कादंबरी’ म्हणतों. कानडी लोकहि तेंच म्हणतात. एका विशिष्ट ग्रंथाचें, किंबहुना एका नायिकेचें नांव साऱ्या प्रकाराला मिळावें, हा बाणभट्टाचा केवढा सन्मान ! सातव्या शतकांत हर्षवर्धनाच्या आश्रयानें राहणाऱ्या बाणानें ही कथा अर्धीच सोडून देह ठेविला आणि ती त्याच्या पुत्रानें पुरी केली. तिच्या लांबलचक समासांची धास्ती आपल्यापैकीं पुष्कळांनीं विद्यार्थिदशेंत घेतली असेल. परंतु त्या समासांच्या अरण्यांत ज्या दोन स्त्रिया उभ्या आहेत, त्यांच्याकडे तेव्हां कदाचित् लक्ष गेलें नसेल.

महाश्वेता पुंडरीकावर लुब्ध होते आणि रात्रीं आपण होऊन त्याला भेटावयास निघते. पण ती पोहोंचते तों विरहानें त्याचे प्राण गेलेले असतात. त्याचा देह एक दिव्य पुरुष आकाशांत घेऊन जातो आणि तुमचा पुन्हां समागम होईल असें तिला सांगतो. तेव्हांपासून ती अच्छोद सरोवराच्या कांठीं वीणा घेऊन तपस्विनी होऊन राहते. तिची सखी कादंबरी हिनें प्रतिज्ञा केलेली असते कीं, महाश्वेता दुःखांत असेतोंवर मी विवाह करणार नाहीं. या कथेंत कोणाचा बाप आड येत नाहीं, कोणी जातगोत काढीत नाहीं. आड येतो तो मृत्यु आणि पूर्वजन्मींचा शाप. परंतु विवाह करावयाचा कीं नाहीं व केव्हां करावयाचा, हें कादंबरी स्वतः ठरविते, आणि तें मैत्रिणीच्या दुःखाकडे पाहून ठरविते, हें विसरतां कामा नये. पुढें पुंडरीकच वैशंपायन या नव्या जन्मांत महाश्वेतेपाशीं येऊन प्रेमयाचना करूं लागतो, तेव्हां त्याला न ओळखून ती त्याला शुकयोनीचा शाप देते. नको असलेल्या याचनेला दिलेला तो नकार इतका समर्थ आहे कीं, प्रत्यक्ष प्रियकराच्या आत्म्यालाहि त्याचें फळ भोगावें लागतें.

बाणानंतर सुमारें चार शतकांनीं, म्हणजे अकराव्या शतकाच्या प्रारंभीं, जपानच्या राजवाड्यांत सम्राज्ञीच्या परिवारांतील मुरासाकी शिकिबू ही स्त्री ‘गेंजीची कथा’ लिहीत होती. या कथेचे ५४ अध्याय आहेत. आर्थर वेली यांच्या इंग्रजी भाषांतरानें, जें १९२५ ते १९३३ या काळांत प्रसिद्ध झालें, तिची कीर्ति जगभर पसरली. राजपुत्र गेंजी देखणा आहे, रसिक आहे, काव्य-संगीतांत निपुण आहे. त्याच्या प्रेमप्रकरणांची ही मालिका वरवर पाहतां पुरुषाच्या विजयांची यादी वाटते. परंतु लेखणी स्त्रीची आहे. पडद्याआड बसलेल्या त्या स्त्रियांना भय वाटतें, लाज वाटते, कित्येकदां त्यांना बोलावयाची संधीच मिळत नाहीं, हें मुरासाकी एकेका प्रसंगांतून शांतपणें दाखवीत जाते. उत्सुसेमी नांवाची एक विवाहित स्त्री गेंजीच्या पावलांची चाहूल लागतांच अंगावरील वरचें वस्त्र तेथेंच टाकून निसटून जाते. त्याच्या हातीं राहतें तें रिकामें वस्त्र.

आणि शेवट कसा ? गेंजीच्या मृत्यूनंतरच्या अध्यायांत उकिफुने नांवाची अनाथप्राय मुलगी दोन श्रेष्ठ पुरुषांच्या ओढाताणींत सांपडते. दोघांनाहि ती हवी आहे. तिला काय हवें हें कोणी विचारीत नाहीं. ती नदींत जीव देण्याच्या निश्चयानें घर सोडते, वांचते, आणि केंस उतरवून भिक्षुणी होते. तिचा ठावठिकाणा लागल्यावर त्यांपैकीं एकजण पत्र पाठवितो. ती उत्तर देत नाहीं. निरोप्या रिकाम्या हातानें परततो आणि तो प्रचंड ग्रंथ तेथेंच थांबतो. नायिकेच्या मौनावर संपणारी अशी प्रणयकथा त्या काळीं दुसऱ्या कोणत्या भाषेंत लिहिली गेली असेल असें वाटत नाहीं.

जपानांतील स्त्रीला निदान मौनाचा आसरा होता. अरबस्तानांतील लैलेची गोष्ट निराळी. इराणी भाषेचा महाकवि निजामी गंजवी यानें ११८८ मध्यें ‘लैला-मजनूं’ हें काव्य लिहिलें. कैस तिच्या नांवाचीं कवनें उघड्यावर गात सुटतो. त्यामुळें कुळाची बेअब्रू झाली असें मानून तिचा बाप त्याची मागणी नाकारतो आणि तिला दुसऱ्याला देतो. पुरुषाला वेडे होऊन वाळवंटांत भटकण्याची मुभा आहे, त्या वेडाचीं गाणींहि होतात. लैलेला मात्र तंबूंत राहून तेंच दुःख गिळावें लागतें. तरीहि ती लादलेल्या पतीला आपल्या अंगाला स्पर्श करूं देत नाहीं. त्याच निजामीनें आधीं लिहिलेल्या ‘खुस्रो-शिरीन’ काव्यांतील शिरीन तर याहून पुढें गेली आहे. प्रत्यक्ष इराणचा राजा दाराशीं आला तरी विवाहावांचून मी तुझी नव्हे, असें ती त्याला स्पष्ट बजावते.

या परंपरेचा सर्वांत तेजस्वी प्रसंग मात्र पंजाबांत घडला. वारिस शाह यानें १७६६ मध्यें ‘हीर’ हें काव्य पुरें केलें. रांझावर मन जडलेल्या हीरचा विवाह घरचे लोक दुसरीकडे ठरवितात. निकाहाच्या वेळीं काजी तिला कुलधर्माचा उपदेश करूं लागतो, तेव्हां ती मान खालीं घालून बसत नाहीं. ती त्याच्याशीं वाद घालते. इस्लामी धर्मशास्त्रांत निकाहाला वधूची संमति लागते. तेव्हां हीर बंड करीत नसून धर्माचीच आठवण धर्माधिकाऱ्याला करून देत आहे. तिचा होकार न घेतांच निकाह उरकला जातो, आणि शेवटीं तिचे आप्तच तिला विष देतात. पंजाबच्या खेड्यांत हिंदु, मुसलमान व शीख यांनीं हें काव्य एकत्र बसून ऐकलें. ज्या घरांत मुलीला विचारण्याची रीत नव्हती, त्या घरांतील वडीलधारीं माणसेंहि हीरच्या बाजूनें अश्रु ढाळीत होतीं. माणूस कथेंत ज्याला न्याय म्हणतो त्याला घरांत मर्यादाभंग म्हणतो, ही विसंगति सर्व देशांत आढळते.

मध्ययुगीन युरोपांतील सरदारघराण्यांत विवाह म्हणजे जमिनीचा व्यवहार होता. कोणती जहागीर कोणत्या जहागिरीस जोडावी, याचा तो करार. अशा करारांत होकाराला जागा नाहीं. म्हणून तेथील कवींनीं प्रेम विवाहाच्या बाहेर नेऊन ठेवलें. ट्रिस्टन व इसोल्ड यांनीं चुकून मंत्रित पेय घेतलें म्हणून तीं परस्परांवर आसक्त झालीं, असें कवि सांगतो. त्या पेयानें मोठी सोय केली. दोष पेयाचा ठरला, आणि राजाच्या राणीनें दुसऱ्यावर प्रेम कसें केलें, या प्रश्नाचें उत्तर देण्याची पाळी कोणावरच आली नाहीं. लॅन्सलॉटची कथा क्रेतिएं द त्र्वा यानें शँपेनची सरदारीण मारी हिच्या आज्ञेनें लिहिली; कथेचा विषय व आशय तिनेंच आपल्याला दिला, असें तो प्रस्तावनेंत सांगतो. लीलावईप्रमाणें येथेंहि कथा मागणारी स्त्रीच आहे.

या कथा धोक्याच्या आहेत, हेंहि त्या काळच्या लोकांनीं लौकरच ओळखलें. दान्तेच्या महाकाव्यांत नरकामध्यें फ्रान्चेस्का व पाओलो भेटतात. तीं दोघें लॅन्सलॉटचीच कथा एकत्र वाचीत होतीं. वाचतां वाचतां दृष्टि भिडली आणि त्या दिवशीं पुढें वाचन झालें नाहीं. त्यानंतर साडेचार शतकांनीं चीनमध्यें अगदीं असाच प्रसंग लिहिला गेला. छाव शुएछिन याच्या ‘लाल महालाचें स्वप्न’ या विशाल कादंबरींत पाओयू हा मुलगा बागेंत लपून ‘पश्चिमेकडील दालन’ हें प्रेमनाट्य वाचीत असतो. त्याची आत्येबहीण ताइयू येते, पुस्तक ओढून घेते, आणि एका बैठकींत वाचून काढते. दान्तेची वार्ता या चिनी लेखकाला असण्याचा संभव नाहीं. पण चोरून वाचलेलें प्रेमाचें पुस्तक काय करतें, हें दोघांनाहि ठाऊक होतें.

त्या ‘पश्चिमेकडील दालना’चा इतिहासहि उद्बोधक आहे. मूळ कथा तांग काळांतील युआन चेन याची. तींत विद्यार्थी छांग हा यिंगयिंगचें प्रेम मिळवून तिला सोडून जातो, आणि त्याचे मित्र त्याच्या संयमाची वाखाणणी करतात ! पुढील काळच्या श्रोत्यांना हें मानवेना. सुमारें इसवी सन १३०० च्या आसपास वांग शिफू यानें जें नाटक लिहिलें, त्यांत प्रेमिकांचा विवाह होतो. कथा तीच, पण मधल्या पांच शतकांत लोकांनीं तिचा निकाल फिरविला. ‘लाल महालां’तील ताइयूचें भाग्य मात्र एवढें नव्हतें. १७९१ मध्यें प्रथम छापल्या गेलेल्या १२० अध्यायांच्या ग्रंथांत घरांतील वडील मंडळी पाओयूला फसवून त्याचें लग्न दुसऱ्या मुलीशीं लावतात, आणि त्याच वेळीं ताइयू एका खोलींत प्राण सोडते. तेथें पुरुषालाहि कोणी विचारलें नव्हतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

इंग्लंडांत १७५३ च्या कायद्यानें २१ वर्षांखालील मुलामुलींच्या विवाहास आईबापांची संमति आवश्यक केली. हा कायदा स्कॉटलंडास लागू नसल्यामुळें प्रेमिक सरहद्दीपलीकडील ग्रेटना ग्रीन गांवीं धांव घेऊं लागले आणि कादंबरीकारांना एक नवें स्थळ मिळालें. पण इंग्रजी कादंबरीचें खरें कार्य पळून जाण्याच्या वर्णनांत नाहीं; तें नकाराच्या वर्णनांत आहे. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ या १८१३ मधील कादंबरींत एलिझाबेथ दोन मागण्या नाकारते. पहिली मागणी कॉलिन्सची. बापाची मिळकत पुढेंमागें त्याच्याकडेच जाणार असल्यामुळें त्याला नाकारणें म्हणजे बेघर होण्याचा धोका पत्करणें होय. त्याला तर तिचा नकार हा नकार आहे हेंच पटत नाहीं. कुलीन स्त्रिया लाजेनें प्रथम नाहीं म्हणतात, असें तो पोथींतून शिकलेला आहे. या विनोदी प्रसंगाखालीं लेखिकेचा केवढा संताप दडलेला आहे ! स्वतः ऑस्टिननें १८०२ च्या डिसेंबरांत एका श्रीमंत तरुणाला संध्याकाळीं होकार देऊन दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो परत घेतला होता, आणि जन्मभर अविवाहित राहून त्याची किंमत दिली होती.

१८४७ मधील ‘जेन आयर’ची नायिका दासीसारख्या नोकरींत असलेली शिक्षिका, तीहि दोन वेळां नाहीं म्हणते. पहिली पत्नी जिवंत असलेल्या रॉचेस्टरबरोबर ती राहत नाहीं. आणि जो धर्मोपदेशक तिला केवळ कर्तव्य म्हणून पत्नी करून हिंदुस्थानांत नेऊं इच्छितो, त्यालाहि ती वरीत नाहीं. प्रेम आहे पण मान नाहीं, तेथें नकार. कर्तव्य आहे पण प्रेम नाहीं, तेथेंहि नकार. ही कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हां इंग्रजी कायद्यानें विवाहित स्त्रीच्या मिळकतीवर पतीचाच ताबा असे. तो १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनीं क्रमाक्रमानें सुटला.

अर्थात् प्रणयकथेनें स्त्रीची बाजू नेहमींच घेतली, असें म्हटल्यास तें सत्य होणार नाहीं. १७४० मधील रिचर्डसनच्या ‘पामेला’ कादंबरींत धनी आपल्या दासीवर बळजबरी करूं पाहतो, आणि तिच्या शीलाचें बक्षीस म्हणून तिला त्याच धन्याशीं विवाह लाभतो. फील्डिंगनें पुढच्याच वर्षीं त्याची यथेच्छ टर उडविली. १९१९ मधील ‘दि शेख’ या कादंबरींत तर पळवून नेलेली इंग्रज तरुणी आपल्या अपहर्त्यावरच प्रेम करूं लागते. ती एका स्त्रीनेंच लिहिली, तिच्या असंख्य प्रती खपल्या आणि १९२१ मध्यें तिच्यावर चित्रपटहि निघाला. नाहीं म्हणजे मनांतून होय, हा कॉलिन्सचा समज अशा पुस्तकांनीं पुन्हां पुन्हां पोसला आहे.

आतां महाराष्ट्र. आपल्याकडे प्रेमकथा देवाच्या नांवानें घरांत आली. तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव कवि नरेंद्र यानें आणि १५७१ मध्यें काशीक्षेत्रीं एकनाथांनीं ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिलें. भावानें शिशुपालाशीं ठरविलेलें लग्न रुक्मिणीला मान्य नाहीं. ती एका ब्राह्मणाबरोबर श्रीकृष्णाला स्वतः पत्र पाठविते आणि मला घेऊन जा म्हणून कळविते. मुलीचें लग्न लौकर जमावें म्हणून तिच्याकडून एकनाथांच्या या ग्रंथाचीं पारायणें करविण्याची चाल आपल्या घराघरांत होती. ज्या मुलीला वर दाखविण्याचीहि गरज वाटत नसे, तिच्याच मुखानें स्वतः वर निवडणाऱ्या रुक्मिणीची कथा म्हणवून घेतली जात होती !

छापखाना आल्यावर मराठी कादंबरी अवतरली आणि तिच्यापुढें मोठी अडचण उभी राहिली. १८६१ मध्यें लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ निघाली. त्याच दशकांत नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. रिसबूडांनीं प्रस्तावनेंत प्रांजळपणें सांगितलें आहे कीं, आम्हां हिंदु लोकांतील विवाहाच्या रीतीमुळें व इतर कारणांमुळें आमच्या आयुष्यांत चटकदार असें कांहीं घडत नाहीं, म्हणून कादंबरी लिहिणें कठीण जातें. त्याची तक्रार वाङ्मयीन होती, पण तिच्यांत सारें समाजशास्त्र आलें आहे. आठव्या वर्षीं मुलीचें लग्न झाल्यावर प्रणय कोणी करावा आणि केव्हां ? म्हणून त्या कादंबऱ्या राजकन्यांच्या, विमानांच्या आणि अद्भुत अरण्यांच्या प्रदेशांत गेल्या.

जें कादंबरींत लिहितां येत नव्हतें, तें मुंबईच्या न्यायालयांत घडलें. रखमाबाई यांचें लग्न त्यांच्या अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी यांच्याशीं झालें होतें. वयांत आल्यावर त्यांनीं नांदावयास जाण्याचें नाकारलें. १८८४ मध्यें दादाजींनीं दावा लावला. अजाण वयांत माझ्या संमतीवांचून झालेला विवाह मला बांधीत नाहीं, हें त्यांचें म्हणणें. १८८५ मध्यें न्यायमूर्ति पिन्ही यांनीं निकाल त्यांच्या बाजूनें दिला. अपिलांत तो फिरला. आणि १८८७ मध्यें पतीच्या घरीं जा नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्यें दादाजींना २००० रुपये देऊन तडजोड झाली. पुढें त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनीं सुरतेस दीर्घकाळ रुग्णसेवा केली. कालिऱ्होएनें मनांत भरविलेली सभा, हीरनें काजीशीं घातलेला वाद, एलिझाबेथनें कॉलिन्सला दिलेला नकार, हें सर्व या एका तरुणीनें न्यायासनासमोर प्रत्यक्ष करून दाखविलें. त्यानंतर १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला. त्यानें वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. एवढ्याशा सुधारणेसाठीं केवढें रण माजलें होतें!

ह. ना. आपटे यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो ?’ ही याच काळांतील कादंबरी. ती त्यांच्या ‘करमणूक’ पत्रांत १८९० पासून क्रमशः येऊं लागली. नायिका यमुना आपली हकीकत स्वतः सांगते. तिचें लग्न वडिलांनीं ठरविलेलें. परंतु पति तिला वाचावयास शिकवितो, आणि मुंबईच्या बिऱ्हाडांत त्या दोघांचें प्रेम विवाहानंतर उमलतें. मराठी कादंबरीनें प्रणयाला घरांतच जागा शोधून दिली ती अशी. पति निवर्ततो, आणि यमुनेचें केशवपन तिच्या इच्छेविरुद्ध केलें जातें. उकिफुनेनें केंस स्वतः उतरविले होते. यमुनेचे ते उतरविले गेले. दोन कथांतील हा भेद मनाला फार बोंचतो.

पुढें मुली महाविद्यालयांत जाऊं लागल्या. ना. सी. फडके यांच्या ‘जादूगार’ आणि ‘दौलत’ या १९२८-२९ मधील कादंबऱ्यांत सुशिक्षित तरुण-तरुणी एकमेकांस भेटूं लागलीं, आणि रिसबूडांची अडचण सुटली. परंतु १९३३ मध्यें विभावरी शिरूरकर या टोपणनांवानें ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालें, तेव्हां महाराष्ट्र दचकला. शिकलेली, नोकरी करणारी मुलगी घराचा आधार बनते, आणि तिच्या लग्नाचा विचार त्यामुळेंच लांबणीवर पडतो, हें त्या कथांनीं उघड केलें. लेखिका कोण, म्हणून शोध सुरू झाला. पुढें त्या मालतीबाई बेडेकर असल्याचें लोकांस कळलें.

यानंतर प्रणयकथा कारखान्यांतील मालासारखी निघूं लागली. १९०८ मध्यें लंडनांत स्थापन झालेल्या मिल्स अँड बून या संस्थेनें १९३० च्या सुमारापासून या धंद्यांत विशेष लक्ष घातलें. ठरावीक पृष्ठें, ठरावीक अडथळे आणि ठरावीक गोड शेवट. विद्वानांनीं नाकें मुरडलीं. परंतु जॅनिस रॅडवे या अमेरिकन विदुषीनें १९८४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत निराळें चित्र दिसलें. वाचणाऱ्या गृहिणींनाच त्यांनीं विचारलें. त्या म्हणाल्या कीं, पुस्तक हातीं असतें तेवढाच वेळ आमचा असतो. तेवढ्या वेळांत पति, मुलें व स्वयंपाक यांपैकीं कोणाचाहि आमच्यावर हक्क नसतो. म्हणजे पुस्तक उघडणें हाच कित्येक घरांत स्त्रीचा पहिला लहानसा नकार होता.

तर मग हा प्रश्न आतां सुटला, असें समजावयाचें काय ? कायद्याच्या पुस्तकांत तो सुटला आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें स्पष्ट सांगितलें कीं, दोन सज्ञान व्यक्तींनीं परस्परांस वरिलें असतां कुटुंबाची, जातीची वा पंचायतीची संमति आवश्यक नाहीं. असा निर्णय द्यावा लागला, यांतच सर्व आलें. कारण ज्या खटल्यांत तो दिला गेला त्याच्यामागें स्वतःच्या मर्जीनें लग्न केलेल्या तरुण जोडप्यांच्या हत्या होत्या. त्याआधीं दोनच वर्षें, २०१६ मध्यें, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा मराठी चित्रपट गांवोगांवच्या लोकांनीं पुन्हां पुन्हां पाहिला. गाण्यांवर लोक नाचले. आणि शेवटीं आर्ची व परशा यांच्या घरीं माहेरची माणसें भेटी घेऊन आलीं, तेव्हां प्रेक्षागृहें स्तब्ध झालीं. वारिस शाहच्या काव्यांत विष देणारेहि आप्तच होते. अडीचशें वर्षांनीं कथेला तोच शेवट पुन्हां लिहावा लागला, आणि तो कोणाला अतिशयोक्त वाटला नाहीं.

श्रोतेहो, प्रणयकथेनें समाज बदलला, असा दावा करण्याचें धाडस मी करणार नाहीं. रूढि मोडावयास न्यायालयें लागलीं, शाळा लागल्या, आणि रखमाबाईंसारखीं माणसें लागलीं. परंतु स्त्रीला विचारावें लागतें, तिचें उत्तर होय किंवा नाहीं असूं शकतें, आणि त्या उत्तरावर सर्वांचें सुखदुःख अवलंबून असतें, या कल्पनेची संवय मनाला कोणी लावली असेल, तर ती या कथांनीं लावली. हीरसाठीं रडलेला श्रोता घरीं परततो, तेव्हां त्याची मुलगी तेथेंच असते. कथा त्याला उंबरठ्यापर्यंत आणून सोडते. आंत गेल्यावर मुलीला विचारावयाचें कीं नाहीं, हें त्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें.